मरणपंथाला लागलेल्या माशासाठी लवंग तेल: कोणती बाटली घ्यावी, कोणती नको

लवंग तेल विकलं जातं दातदुखीसाठी. घरी मासे पाळणारे ते आणखी एका कामासाठी जवळ ठेवतात, वाचण्याची आशा संपलेल्या माशाचे हाल थांबवायला. त्यातलं युजेनॉल माशांना भूल देतं. थोड्या मात्रेत मासा बेशुद्ध होतो आणि स्वच्छ पाण्यात सोडला की पुन्हा पोहू लागतो. मोठ्या मात्रेत त्याचा श्वास थांबतो. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही या कामासाठी युजेनॉल अटींसह मान्य आहे. तेलाची तीव्रता माहीत असावी असाही त्यांचा आग्रह आहे, आणि आपल्याकडे गोची नेमकी तिथेच होते.

केमिस्टकडे मिळणारी 2 मिलीची काचेची बाटली ही आमची पहिली पसंती. घटकांत फक्त लवंग तेल हवं. कापूर, मेन्थॉल, ओव्याचा अर्क घातलेली दंततेलं नकोत. त्यात लवंग किती हे कळत नाही आणि बाकीचे पदार्थ कल्ल्यांना झोंबतात. ऑनलाइन मिळणारं 10-15 मिलीचं इसेन्शिअल ऑइलही चालतं, लेबलवर 'शंभर टक्के' असेल तर. मसाजसाठीच्या बाटल्यांत मात्र बदामाचं नाहीतर तिळाचं तेल मिसळलेलं असतं. खोबरेल तेलात लवंगा कढवून घरी केलेलं तेल या कामी साफ निरुपयोगी.

भेसळ ओळखायला पेलाभर पाणी पुरतं. शुद्ध लवंग तेल पाण्यापेक्षा जड असल्याने त्याचे थेंब तळाशी जातात. वर पातळ तवंग राहिला तर हरकत नाही, पण सगळे थेंब वरच तरंगत राहिले तर दुसरं तेल मिसळलंय. ती बाटली दाढेसाठी ठेवा.

बाटली उघडण्याआधी टाकीचं पाणी तपासा. पृष्ठभागावर येऊन धापा टाकणारा मासा पुष्कळदा अमोनियाने गुदमरलेला असतो; अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर असेल तर निम्मं पाणी बदला आणि दिवसभर थांबा. उलटा-तिरका तरंगणारा गोल्डफिश दोन-तीन दिवस उपाशी ठेवल्यावर सरळ झालेला पुष्कळांनी पाहिलाय. याउलट पोट फुगून खवले उभे राहिलेत, डोळे बाहेर आलेत, खाणं बंद आहे, मासा तळाशी पडून नुसते कल्ले हलवतोय आणि पाणी चांगलं असूनही रोज खालावतोय, तर तो सहसा परतत नाही. दोन-तीन वर्षांचा म्हातारा फायटर (बेट्टा) मासा असेल तर आणखी वाट पाहणं त्याच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं.

आता प्रमाण. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात टाकीचंच 2 लिटर पाणी घ्या, म्हणजे तापमान बदलत नाही. कडक पारदर्शक प्लास्टिकचे कप नकोत, हे तेल त्यांना खातं. तेल थेंबांनी मोजू नका. प्रत्येक बाटलीचा थेंब वेगळा. सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज वापरा. झाकणाच्या छोट्या बाटलीत टाकीचं कोमट पाणी अर्धा कप आणि 0.1 मिली तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत जोरात हलवा. मासा भांड्यात घ्या आणि हे मिश्रण कडेकडेने हळूहळू ओता. काही मिनिटांत त्याचा तोल जातो, तो आडवा होतो. शेपटीच्या मुळाशी हलकेच दाबल्यावर काहीच हालचाल झाली नाही, तरच 0.8 मिली तेल तसंच हलवून ओता. फिरत असेल तर थांबा. दहा मिनिटांनीही तसाच असेल तर आणखी 0.1 मिली द्या.

सर्वाधिक गोंधळ होतो तो न हलवलेल्या तेलामुळे. ते पाण्यात विरघळत नाही, गोळ्यांनी तळाशी बसतं. माशाला एका जागी काहीच लागत नाही आणि दुसऱ्या जागी चटका बसतो. सगळी मात्रा एकदम ओतली तर मासा शुद्धीत असताना तडफडतो, आणि घरचे म्हणतात लवंग तेल क्रूर असतं. तेल नाही, घाई.

दुसरी चूक मासा लवकर बाहेर काढण्याची. कल्ले थांबले तरी हृदय बराच वेळ चालू राहू शकतं. त्या अमेरिकन असोसिएशनच्या सूचनांत कल्ले थांबल्यावर किमान दहा मिनिटं सांगितली आहेत. घरगुती मापात आम्ही अर्धा तास म्हणू. फायटर आणि गुरामी हवाही घेतात, गोल्डफिश कमी प्राणवायूत तग धरतो, म्हणून त्यांना तासभर त्याच पाण्यात राहू द्या.

फायटर, गप्पी, मोलीला एक छोटी बाटली पुरते. वीतभर गोल्डफिशला 5 लिटर पाणी लागतं, म्हणजे आधी पाव मिली, मग 2 मिली, आणि दोन बाटल्या. हातभर कोई किंवा मोठा फ्लॉवरहॉर्न असेल तर घरी प्रयोग नको, मासे बघणारा पशुवैद्य गाठा.

फ्रीजरमध्ये ठेवणं हा लोकप्रिय पर्याय आहे आणि तो वाईट आहे: मासा हळूहळू, शुद्धीत गारठतो. टॉयलेटमध्ये सोडलेला मासा तिथे लगेच मरत नाही. सोडा किंवा इनो टाकून केलेल्या पाण्यात मासा कार्बन डायऑक्साइडने कासावीस होतो.

तेलाचे दोष सांगायचे तर वास दिवसभर घरात राहतो आणि हाताला झोंबतं. हातमोजे घाला, खिडकी उघडा. भांडं साबणाने घासलं तरी पुन्हा टाकीसाठी वापरू नका. उरलेलं पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा, विहिरीत किंवा ओढ्यात नाही. हा मासा मांजरीला किंवा मोठ्या माशांना खायला घालू नका. कुंडीत पुरायचा तर वीतभर खोल, नाहीतर मांजर उकरतं.

उरलेली बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवा. जुनी, तपकिरी पडलेली बाटली या कामासाठी नको, नवी आणा.