वस्तऱ्यासाठी फेस: सात महिन्यांच्या वापरानंतर

वस्तऱ्याने दाढी करायला लागून सात महिने झाले. जर्मनीतल्या सोलिंगनचा, ५/८ इंच रुंद पात्याचा वस्तरा, सिंथेटिक केसांचा ब्रश आणि प्रोरासो या इटालियन कंपनीच्या दाढीच्या क्रीमची हिरवी ट्यूब, एवढंच सामान. पहिले दोन महिने गाल सोलवटून निघायचे आणि मी दर वेळी पात्याला दोष द्यायचो. दोनदा धारही लावून आणली. दोष फेसात होता. मी पाणी कमी घालत होतो.

वस्तऱ्याला उंच फेस नको, निसरडा हवा. फेस चक्क्यासारखा उभा राहिला की मला वाटायचं, झकास जमलाय. पण तो कोरडा असतो, पातं त्यात अडखळत जातं. शिवाय जाड थराखाली धार नेमकी कुठे टेकली आहे तेच दिसत नाही.

आता ब्रश कोमट पाण्यात बुडवून चांगला झटकतो. वाटीत बदामाएवढं क्रीम घेऊन आधी नुसतंच घोळवतो, दाट लगदा होईपर्यंत. मग बोटांनी पाच-सहा थेंब पाणी, पुन्हा घोळवणं, पुन्हा थेंब. घाई केली आणि एकदम पाणी ओतलं की मोठाले बुडबुडे येतात, गालावर दोन मिनिटंही टिकत नाहीत. जमलेल्या फेसाला ओली चमक असते, बुडबुडे दिसत नाहीत आणि ब्रश उचलला की शेंडा ताठ न राहता हळूच वाकतो. घुसळलेल्या दह्यासारखा. चिमटीत धरून बोटं एकमेकांवर घासून बघा, सुळकन सरकली पाहिजेत. दुसऱ्या गालाकडे वळेपर्यंत तिथला थर सुकला तर ओला ब्रश पुन्हा फिरवायचा, सुकलेल्यावर पातं अजिबात चालवायचं नाही.

एक अडचण मात्र चांगल्या फेसामुळेच येते. कातडी ताणून धरायला बोटं टिकत नाहीत आणि कातडी सैल राहिली की वस्तरा कापणारच. त्यावर तुरटी. डाव्या हाताची बोटं पुसून ओल्या खड्यावर घासली की पकड येते. हा खडा मी आता आरशापाशीच ठेवतो.

क्रीमबद्दल तक्रार नाही. निलगिरी आणि मेंथॉलचा गारवा मला आवडतो, कातडी नाजूक असेल तर त्यांची पांढरी ट्यूब बघा.

पाण्याचा फरक मात्र फार मोठा. पुण्यात नळाच्या पाण्यावर बसलेलं गणित जुलैत गावी बोअरच्या पाण्यावर साफ चुकलं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन नुसता साका तयार होतो. क्रीम दुप्पट घेतलं तरी फेस बसत होता. मग पागोळ्यांखाली तांब्या धरला. त्या पाण्यावर नेहमीच्या बदामाएवढ्या क्रीमचा इतका फेस झाला की दोन हात दाढी होऊन वाटीत उरला.