ऑफिसचा प्रिंटिंग खर्च आणि प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर: अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर

ऑफिसात प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवून अर्धं वर्ष उलटून गेलं. घ्यायच्या आधी जे रिव्ह्यू वाचले ते एकतर डेमो बघून लिहिलेले होते किंवा पहिल्या महिन्याच्या उत्साहात. म्हणून हा जरा उशिराचा. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीची बहुतेक सॉफ्टवेअरं तीच कामं करतात. कोणी, कुठल्या मशीनवर, किती पानं, काळी की रंगीत याची नोंद ठेवतात, प्रिंट अडवून धरून कार्ड दाखवल्यावर सोडतात आणि वर काही नियम लावू देतात. आमच्याकडे पानाच्या दराने भाड्यावर घेतलेली मोठी कॉपियर मशिनं आहेत आणि टेबलाटेबलावर स्वतः विकत घेतलेले छोटे लेझर प्रिंटर. अशी सरमिसळ बऱ्याच ऑफिसांत असते आणि खर्चाचा घोळ तिथूनच सुरू होतो.

निकाल आधीच सांगतो. पैसे वसूल झाले, पण डेमोत जे दाखवलं होतं त्यातून फारसे नाहीत. कार्ड, कोटा, 'इतकी झाडं वाचली'चे हिरवे आलेख यातून थोडंफार मिळालं. बाकीचं सगळं मिळालं ते आकडे हातात आल्यावर कपाटातला कॉपियरचा करार काढून नीट वाचला तेव्हा.

कार्डाचं आधी उरकतो. प्रिंट दिली की ती सर्व्हरवरच्या सामाईक रांगेत थांबते. कुठल्याही कॉपियरपाशी जाऊन कार्ड लावलं की तिथे बाहेर येते, आणि कोणी गेलंच नाही तर काही तासांनी आपोआप पुसली जाते. ट्रेवर बेवारस पडलेले गठ्ठे पहिल्याच आठवड्यात दिसेनासे झाले. पगारपत्रकं आणि मुलाखतींचे कागद भलत्याच्या हाती लागणं थांबलं, आणि मला विचाराल तर कार्डाचा मुख्य फायदा हाच. एक मशीन बंद पडलं की माणसं निमूट दुसऱ्यापाशी जातात, 'आमच्या सेक्शनला वेगळा प्रिंटर द्या' असे अर्ज येत नाहीत. त्रास म्हणाल तर सकाळच्या घाईत मशीनपुढे गर्दी होते. पुढच्याने साठ पानी अहवाल सोडला की मागचा एका पानासाठी ताटकळत उभा. कार्ड घरी विसरणाऱ्यांसाठी पिनची सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, नाहीतर दुसऱ्याचं कार्ड मागून काम भागवलं जातं आणि नोंदींचा बोजवारा उडतो.

आता बिलाकडे येतो. पहिल्या काही महिन्यांत छापलेली पानं चांगलीच कमी झाली. आलेख खाली, वरिष्ठ खूश. कॉपियरचं बिल मात्र होतं तिथेच. कारण करारात 'किमान पानं' नावाचं कलम होतं. दरमहा अमुक इतकी पानं छापा वा न छापा, तेवढ्याचे पैसे द्यायचेच. आम्ही त्या रेषेच्या खाली गेलो होतो, म्हणजे काटकसर आमची आणि नफा पुरवठादाराचा. त्याहून वाईट म्हणजे हे किमान प्रत्येक मशीनला वेगळं लावलेलं होतं. तळमजल्यावरचं मशीन किमान गाठत नव्हतं, तिथे न छापलेल्या पानांचे पैसे जात होते. वरच्या मजल्यावरचं मशीन मर्यादा ओलांडत होतं, तिथे जादा पानांचा चढा दर लागत होता. एकाच महिन्याच्या एकाच बिलात दोन्ही. सॉफ्टवेअरने मशीनवार तक्ता काढून दिला तेव्हा हे उघड दिसलं. तोवर बिलावरची बेरीजच बघितली जात होती.

पुरवठादाराचा माणूस आधी म्हणाला, "साहेब, सगळ्यांना असाच करार असतो." तक्ता पुढे ठेवल्यावर त्याचा सूर बदलला. बऱ्याच ओढाताणीनंतर सगळ्या मशिनांची पानं एकत्र मोजायची आणि किमान आकडा कमी करायचा, असं ठरलं. आमच्या एकूण बचतीतला सगळ्यात मोठा तुकडा हा, आणि त्यासाठी एकाही कर्मचाऱ्याला 'कमी छाप' म्हणावं लागलं नाही. मीटर बघून पैसे घ्यायची ही पद्धत तशी जुनीच आहे. १९५९ साली आलेलं झेरॉक्स ९१४ भाड्याने दिलं जायचं आणि बिल मीटरवरच्या प्रतींवर व्हायचं. तेव्हापासून हा धंदा मीटरवर चाललाय, आणि ते मीटर आपण स्वतः वाचायला हवं.

यातून जे उमगलं ते मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. काटकसरीच्या युक्त्या सरसकट लागू पडत नाहीत. आधी विचारायचं, या मशीनमधला टोनर, म्हणजे छपाईची पावडर, कोणाचा? पानाच्या दराच्या करारात टोनर, ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रूळ), दुरुस्ती सगळं दरात धरलेलं असतं, कागद तेवढा आपला. अशा मशीनवर 'टोनर सेव्ह' चालू करून फिकट पानं काढण्यात आपला एक पैसाही वाचत नाही, पुरवठादाराचा टोनर वाचतो. दोन्ही बाजूंनी छापलं तर कागद निम्मा लागतो, पण मीटर बाजू मोजतं, त्यामुळे दर दोन पानांचाच पडतो. काही मशिनं तर तीन पानी मजकूर दोन्ही बाजूंनी छापताना शेवटची कोरी बाजूसुद्धा मोजतात. करण्याआधी एकदा मीटर बघून तपासा. एथ्रीचं, म्हणजे एफोरच्या दुप्पट आकाराचं, एक पान बहुधा दोन धरलं जातं. मीटरवर जिचा परिणाम होतो अशी युक्ती म्हणजे एका बाजूवर दोन पानं बसवणं. अंतर्गत मसुद्यांना ती चालते. दोन्ही बाजूंनी छापणं डिफॉल्ट ठेवलंच आहे, कागदाचे पैसे आणि कपाटातली जागा वाचते. फक्त त्याने बिल निम्मं होईल अशी आशा धरू नका.

रंगीत पानांची गोष्ट मात्र मन लावून बघण्यासारखी. रंगीत पानाचा दर काळ्याच्या कित्येक पट असतो आणि बहुतेक करारांत पानावर रंगाचा टिपका जरी आला तरी अख्खं पान रंगीत. नोंदी चाळताना एक जावक पत्र दिसलं. चाळीस पानी, मजकूर सगळा काळा, पण बिलात चाळीसही पानं रंगीत. कारण लेटरहेडच्या तळाशी केसाएवढी एक निळी रेघ होती आणि ती प्रत्येक पानावर उमटत होती. मग शोधत गेलो तर असे नमुने सगळीकडे. ईमेल छापला की त्यातल्या निळ्या लिंका. वर्डमधली शीर्षकं डिफॉल्टने निळी येतात, त्यामुळे साध्या टिपणाची पानंही रंगीतमध्ये जमा. काही टेम्प्लेटमध्ये अक्षरांना काळ्याऐवजी गडद करडा दिलेला, डोळ्याला काळाच वाटतो, पण मशीन तो रंग मिसळून काढतं. वेबपेज छापताना शेवटच्या पानावर फक्त दोन ओळी आणि एक रंगीत चिन्ह, त्याचाही दर रंगीतचाच.

यावर उपाय अगदी साधा निघाला. लेटरहेड आणि नेहमीच्या टेम्प्लेटमधले रंग काळे करून घेतले, आणि सर्व्हरवरच्या ड्रायव्हरमध्ये (संगणकाची फाइल प्रिंटरकडे पोचवणारा प्रोग्रॅम) काळं-पांढरं डिफॉल्ट केलं. रंगीत हवं त्याने स्वतः निवडायचं. मनाई कोणालाच केली नाही. ज्यांना खरंच रंग लागतो ते निवडतात, बाकीच्यांच्या लक्षातही आलं नाही. कॉपियरच्या पॅनलवरून झेरॉक्स काढताना मात्र ड्रायव्हरचा डिफॉल्ट लागू होत नाही. तिथे 'ऑटो कलर' वेगळा बंद करावा लागतो. पिवळट पडलेला जुना कागद काचेवर ठेवला की ऑटो कलर त्याला खुशाल रंगीत ठरवतो.

छोट्या प्रिंटरांकडे वळतो. इथे हिशोब उलटा, टोनर आपला. डब्यावर छापलेला 'इतकी पानं' हा आकडा आयएसओ १९७५२ या मानकाप्रमाणे ठरलेल्या चाचणी-पानावर मोजलेला असतो आणि त्या पानावर शाई जेमतेम पाच टक्के जागेवर असते. आपले तक्ते, करड्या पट्ट्या, फोटो असलेली ओळखपत्रं यांनी दहा टक्के जागा व्यापली की डबा निम्म्यात आटोपतो. नव्या प्रिंटरसोबत येणारा डबा बऱ्याचदा कमी भरलेला असतो, ते वेगळंच. आणि टेबलावरच्या प्रिंटरला बहुधा एकेक पानच सोडलं जातं. प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर ड्रम थोडा रिकामा फिरतो, म्हणून सुटी सुटी पानं काढणारा प्रिंटर ड्रम लवकर खातो. कागद ओढणारा पिकअप रोलर आणि टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्यूजर यांचा खर्च त्यानंतर. तो खर्च 'किरकोळ'मध्ये टाकला जातो, म्हणून कुठल्याच अहवालात दिसत नाही. आमच्याकडे यातले बहुतेक प्रिंटर जसजसे बंद पडले तसे नव्याने घेतले नाहीत. एकदम उचलले असते तर बंड झालं असतं. रोखपालांकडचा आणि मनुष्यबळ विभागातला ठेवला, तिथे जागेवरून उठणं बरोबरही नाही.

पर्यायी, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या, टोनरबद्दल सगळे विचारतात, म्हणून दोन ओळी. चांगला मिळाला तर छोट्या काळ्या प्रिंटरवर चालतो. खराब निघाला तर पानभर करडी झाक येते, आतून पावडर गळते आणि ती साफ करण्यात जे जातं त्यात मूळ डबा आला असता. काही प्रिंटर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यानंतर असा डबा ओळखायचंच बंद करतात.

सॉफ्टवेअरचे दोष आता. त्याचा आकडा आणि मशीनच्या मीटरचा आकडा कधीच जुळत नाही. सॉफ्टवेअर सर्व्हरवर आलेल्या फाइलची पानं मोजतं, मीटर प्रत्यक्ष छापलेल्या बाजू मोजतं. मध्येच कागद अडकला, कोणी काम अर्ध्यात रद्द केलं, तंत्रज्ञाने चाचणीची पानं काढली, की फरक पडतो. विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बिलाशी ताडायला मी मीटरचंच रीडिंग धरतो. ते एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या मशिनांची माहिती वाचायची पद्धत) दर रात्री आपोआप उचललं जातं, ही सोय मात्र झकास. यूएसबीने जोडलेले प्रिंटर यात दिसतच नाहीत, त्या प्रत्येक संगणकावर वेगळा एजंट, म्हणजे नोंद पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, टाकावा लागतो. आणि सर्व्हर बसला की अख्ख्या ऑफिसचं प्रिंटिंग बसतं. एक दिवस ते झालंच. तेव्हापासून सर्व्हरला वळसा घालून थेट चालणारी एक वाट राखून ठेवली आहे आणि तिचा पासवर्ड दोघांपाशीच आहे.

लोकांच्या बाबतीत हात जरा राखून ठेवावा. सुरुवातीला वरून हुकूम आला की सगळ्यात जास्त छापणाऱ्यांची यादी लावा. यादीत पहिलं नाव लेखा विभागातल्या मॅडमचं. त्या म्हणाल्या, "सर, ही व्हाउचरं ऑडिटरला कागदावरच लागतात. मी नाही छापली तर तुम्ही छापणार का?" बरोबरच होतं. यादी दुसऱ्या दिवशी उतरली. आता विभागवार आकडे फक्त विभागप्रमुखांकडे जातात. कोटा लावून पाहिला तर महिनाअखेरीला लोक एकमेकांच्या नावावर छापू लागले, म्हणून तोही काढला. कोटा कॉलेजच्या लॅबमध्ये शोभतो, ऑफिसात कामच अडतं. आणखी एक, नोंदीत फाइलचं नावही येतं. कोणाचा राजीनामा, कोणाचा बायोडेटा, सगळं ॲडमिनला दिसतं. ते रकाने लपवायची सोय सेटिंगमध्ये असते. ती वापरा आणि वापरल्याचं लोकांना सांगाही.

घ्यावं का? भाड्याचं एकच कॉपियर आणि मोजकी माणसं असतील तर नको. विंडोजच्या प्रिंट सर्व्हरवर प्रिंट सर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग, म्हणजे नोंदवही, असतो, मुळात तो बंद असतो. चालू केला की ३०७ क्रमांकाच्या नोंदीत छापणारा, प्रिंटर आणि पानं दिसतात. त्यात प्रतींची संख्या धरलेली नसते, एवढं लक्षात ठेवा. लिनक्सवर सीयूपीएसचा (तिथली छपाई सांभाळणारी यंत्रणा) पेज लॉग आहे. महिनाभर एवढ्यावर काढा आणि सोबत करार वाचा. मशिनं अनेक, मजले अनेक आणि गोपनीय कागदांची ये-जा असेल तर सॉफ्टवेअर घ्या. मात्र करार संपायच्या बऱ्याच आधी घ्या, म्हणजे नूतनीकरणाच्या बोलणीला बसताना स्वतःचे आकडे हातात असतील.

जुनं मशीन परत जाताना त्यातल्या हार्ड डिस्कचं काय होणार हेही त्याच बोलणीत लिहून घ्या. मोठ्या कॉपियरमध्ये बहुधा डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. आम्ही डिस्क पुसल्याचं पत्र, ॲड्रेस बुक रिकामं केल्याची खात्री आणि दोघांच्या सह्यांचं शेवटचं मीटर रीडिंग, हे तिन्ही हातात आल्यावरच मशीन दाराबाहेर जाऊ दिलं.