मॉन्ट्रियल आल्युएट्सचं २०२३ चं सीझन तिकीट: चढ चढून जाण्यासारखं

आल्युएट्स म्हणजे मॉन्ट्रियलची कॅनेडियन फुटबॉल टीम. तिचं अख्ख्या सीझनचं तिकीट काढलं तेव्हा ऑफिसमधल्या एकाने सरळ विचारलेलं, अरे पण टीम राहणार आहे का? आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, फेब्रुवारीत टीमला धड मालक नव्हता, कॅनेडियन फुटबॉल लीगने स्वतःच्या ताब्यात घेतलेली, त्यात क्वार्टरबॅक (बॉल फेकून हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू) ट्रेव्हर हॅरिस सस्कॅचवानच्या टीमकडे गेला, रिसीव्हर (त्याने फेकलेला बॉल पकडणारा) यूजीन लुईस एडमंटनकडे गेला, आणि मार्चमध्ये क्वेबेकचे उद्योगपती पिएर कार्ल पेलादोंनी टीम घेतली तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नवा क्वार्टरबॅक कोडी फजार्डो, ज्याला आदल्या वर्षी सस्कॅचवानने सीझन संपता संपता बाकावर बसवलं होतं, आणि नवे कोच जेसन मास, तेही तिथूनच काढलेले. म्हणजे दुसऱ्यांनी नको म्हटलेली माणसं गोळा करून उभी केलेली टीम. मला तेच आवडलं, म्हणून घेतलं तिकीट.

आधी जागेबद्दल सांगतो. पर्सिव्हल मोल्सन स्टेडियम मॅकगिल युनिव्हर्सिटीचं आहे, माउंट रॉयलच्या उतारावर. मॅकगिल मेट्रोतून बाहेर पडलं की युनिव्हर्सिटी स्ट्रीटचा जो चढ लागतो तो पोटऱ्यांना चांगलाच कळतो, पण वर पोचून मैदान दिसलं ना की एका बाजूला डोंगराची झाडं आणि दुसरीकडे डाउनटाउनच्या बिल्डिंगा, मी तर दर वेळी दोन मिनिटं नुसता उभा राहायचो. वीसेक हजार माणसं मावतात, त्यामुळे कुठेही बसा, खेळाडू जवळ वाटतात, पॅड एकमेकांवर आदळल्याचा आवाज येतो. टीम आधी ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळायची, १९९७ ला तिथे यूटू बँडची कॉन्सर्ट होती म्हणून प्लेऑफची (बाद फेरीची) मॅच इथे आणली, लोकांना इतकी आवडली की मग टीम इथेच रुळली.

ज्यांनी फक्त अमेरिकन फुटबॉल बघितलंय त्यांच्यासाठी, हा खेळ दिसायला तसाच पण चाल वेगळी आहे. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ रुंद, बारा खेळाडू, आणि बॉल दहा यार्ड पुढे न्यायला चार नाही तर तीनच संधी, त्यांना डाउन म्हणतात. म्हणजे दोनदा फसलं की बहुतेक वेळा किक मारून बॉल देऊन टाकायचा. पण एकच यार्ड हवा असेल तर सहसा कोणी किक मारत नाही, कारण इथे बचाव करणाऱ्यांना बॉलपासून एक यार्ड लांब उभं राहावं लागतं. त्या क्षणी आपलं सगळं स्टेडियम गप्प होतं, क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्या लोकांना नीट ऐकू जावा म्हणून. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, ते अशा वेळी बाकाच्या कडेवर बोटाच्या पेरांनी हळू हळू टकटक करत राहायचे, आणि यार्ड मिळाला की हात थांबायचा. तीन-चार मॅचनंतर मला मैदानाकडे न बघता नुसत्या त्या टकटकीवरून कळायला लागलं काय झालं ते.

सीझन सरळ गेला नाही, खोटं कशाला सांगू. ६-३ (सहा जिंकल्या, तीन हरल्या) पर्यंत मस्त चाललेलं आणि मग लागोपाठ चार हरलो, त्यातल्या दोन टोरंटोकडून. ६-७. तेव्हा आजूबाजूच्या काही खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या आणि मला फार वाईट वाटायचं, कारण डिफेन्स चांगला खेळत होता हे जो मैदानात येत होता त्याला दिसत होतं. आणि मग राव, उरलेल्या पाचच्या पाच जिंकल्या! ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सोमवारी दुपारी ओटावाला हरवलं ती मॅच माझी सगळ्यात लाडकी, डोंगर लाल-पिवळा झालेला, लोक लहान पोरांना घेऊन आलेले. ११-७ ने संपवलं आणि प्लेऑफ घरच्या मैदानावर, हॅमिल्टनला २७-१२.

पुढची टोरंटोशी, त्यांच्या घरी. सोळा जिंकलेली, दोनच हरलेली टीम. आपल्याला कोणी हिशोबातच धरलं नव्हतं. आणि मार्क-आंत्वान देक्वाने बॉल मधेच पकडून १०१ यार्ड पळत नेला, टचडाउन (सहा पॉइंट)! ३८-१७. घरी टीव्हीसमोर बघत होतो, बायको आतून धावत आली काय झालं बघायला.

ग्रे कप (लीगचं विजेतेपद) फायनल १९ नोव्हेंबरला हॅमिल्टनमध्ये, विनिपेगशी. हाफटाइमला ७-१७ मागे. शेवटी २१-२४, वेळ संपत आलेला, तिसरा डाउन, पाच यार्ड हवे, आणि फजार्डोने कोल स्पीकरला टाकला. मिळाले! मग १३ सेकंद उरलेले असताना टायसन फिल्पॉटला १९ यार्डांचा टचडाउन. २८-२४. ज्याला बाकावर बसवलेलं तोच फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. २०१० नंतर पहिला कप, टीमचा आठवा. मॅच संपल्यावर देक्वा कॅमेऱ्यासमोर फ्रेंचमध्ये जे तळमळून बोलला, की सगळीकडे नुसतं इंग्लिश, आमची भाषा कुठेय, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपल्या भाषेसाठी असं जीव तोडून बोलणारा माणूस कुठलाही असो, मराठी माणसाला तो लगेच कळतो.

आता काही सूचना. फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही, बघता बघता शब्द कळायला लागतात. ऑक्टोबरपासून डोंगरावरून वारा येतो, थर्मल घाला आणि बाकावर टाकायला जाड काहीतरी न्या. एक्स्ट्रा तिकीट हवं असेल तर टीमकडूनच घ्या, मी मित्रासाठी एका रीसेल ॲपवरून घेतलं, गेटवर कोड स्कॅनच होईना, तो बिचारा पहिला क्वार्टर बाहेर उभा आणि पैसे परत मिळायला तीन आठवडे ईमेल पाठवत बसलो. आणि पहिल्यांदाच जाणार असाल तर वरच्या रांगेत बसा, रिसीव्हर बॉल सुटायच्या आधीच पळत येतात ती इथली खास गंमत वरूनच नीट दिसते.

माझ्याकडून ५ पैकी ५. २०२४ चं रिन्यू केलंय, आणि जागा बदलायची का विचारलं तेव्हा नाही म्हटलं, आजोबांच्या शेजारचीच ठेवा.