शंभर फुटांचा हलका पाइप, नेरूळच्या नळाला बेचाळीस फूट

ही फसवणूक नेरूळच्या एका दुमजली रो-हाउसमधल्या काका-काकूंची झाली. पण असा पाइप ठाण्यातही खपतो आणि खारघरलाही, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

काका ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे बदललेले. काकूंच्या बोटांत संधिवात. घरापुढे जास्वंद, तगर, कढीपत्ता; मागच्या दारी अळू आणि दोन केळी. नळ एकच, तोही पुढच्या दारी. जुना पाइप पाऊण इंची आणि ३० मीटरचा. पाण्याने भरला की त्याचं वजन सोळा किलोच्या वर जातं. तो घराच्या कोपऱ्यावरून वळवणं काकांच्या आवाक्यात राहिलं नव्हतं. हलका पाइप हवा, गरज एवढीच.

दिवाळीआधी भरलेल्या एका ग्राहक पेठेत तो दिसला. निळा, सुरकुतलेला, कापडी पाइप, मुठीत मावेल एवढा. स्टॉलवाल्याने काकूंच्या हातात दिला आणि म्हणाला, "काकू, करंगळीने उचला!" खरंच उचलला गेला. मग त्याने नळ सोडला आणि पाइप फुगत फुगत थेट मंडपाच्या टोकापर्यंत गेला. पाण्याची धार समोरच्या झाडाच्या शेंड्याला लागली. १०० फूट, पितळी कनेक्टर, वर फवाऱ्याची गन फुकट, किंमत १,८०० रुपये. पावती म्हणून हिशेबाच्या वहीतलं पान मिळालं. त्यावर 'गार्डन पाइप – १' आणि सही. दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही.

घरी नळाला लावल्यावर पाइप जरासा हलला आणि थांबला. टेपने मोजला तर ४२ फूट. मागच्या केळीपर्यंत लागत होते ६०.

इथे पाइप खराब निघाला असं वाटतं, पण मेख वेगळीच आहे. या पाइपात आत पातळ रबराची नळी असते आणि बाहेर सैल कापडी खोळ. पाण्याच्या दाबाने आतली नळी ताणली जाते, तेव्हाच लांबी वाढते. जाहिरातीत लिहिलेली लांबी ही पूर्ण ताणलेली. मूळ लांबी तिच्या साधारण एक तृतीयांश. पूर्ण ताणायला अडीच ते तीन बार (बार हे दाबाचं माप) दाब लागतो. आपल्याकडे तो दाब कुठून येतो? गच्चीवरच्या टाकीतून. १० मीटर उंचीला १ बार, हा हिशेब कुठल्याही प्लंबरला पाठ असतो. दुमजली घराच्या टाकीचा तळ जमिनीपासून सातेक मीटरवर. म्हणजे अंगणातल्या नळाला जेमतेम पाऊण बार, जुन्या लाइनीत गंज-क्षार बसला असेल तर पाणी वाहताना त्याहूनही कमी. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येवो की आणखी कुठून, टाकीत पडलं की धरणाचा आणि तुमच्या नळाचा संबंध संपतो.

मग स्टॉलवर तो कसा फुगला? टेबलाच्या झालरीमागे दोनशे लिटरचा ड्रम होता आणि त्याच्या बुडाशी अर्ध्या एचपीचा पंप. असा पंप २०-२५ मीटर उंच टाकीएवढा दाब सहज देतो. पंपाच्या तोंडाला घरातल्यासारखाच साधा बिबकॉक बसवलेला, त्यामुळे बघणाऱ्याला तो घरचाच नळ वाटतो. पंपाची घरघर मंडपातल्या गाण्यात बुडून जाते. आम्ही असल्या स्टॉलवर आधी टेबलाखाली बघतो, वायर कुठे जाते ते. दुसरा सरळ उपाय म्हणजे विक्रेत्याला म्हणायचं, "पंप बंद करून बादली टेबलावर ठेवा आणि तिच्यातून लावून दाखवा." तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

हा पाइप सगळीकडेच कुचकामी आहे असंही नाही. नौपाड्यातल्या सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर, वरच्या टाकीवरून थेट लाइन आलेली असेल तर दोन बारच्या वर दाब मिळतो, तिथे तो बऱ्यापैकी ताणतो. त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर, टाकी डोक्यावर चारेक मीटरवर असताना, तो दोरीसारखा पडून राहतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तर मजल्यावरून अंदाजच करता येत नाही, कारण मधल्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात आणि वरच्यांना दाब वाढवणारे बूस्टर पंप. तिथे सोसायटीच्या प्लंबरला विचारलेलं बरं. गच्चीवर बाग असेल आणि टाकी गच्चीवरच चौथऱ्यावर असेल तर दाब पाव बारसुद्धा नसतो. तिथे हा पाइप घेऊच नका.

आणि दाब पुरेसा असला तरी म्हाताऱ्या माणसांना आम्ही तो सुचवत नाही. कारण जाहिरातीत दिसत नाही. गन बंद असते तेव्हा पाइप पूर्ण दाबाने ताणलेला असतो. गन उघडली की आतला दाब उतरतो आणि पाइप आखडू लागतो, म्हणजे हातातून मागे ओढतो. धडधाकट माणूस पाऊल मागे घेऊन सावरतो. काठी किंवा वॉकर धरलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असतो, आणि नेमका तोच ओढला जातो. ओल्या शहाबादी फरशीवर हे नको. आखडताना पाइप कुंड्यांच्या मधून सरपटत येतो, लहान कुंडी पाडतो, ते वेगळंच.

तिसऱ्या आठवड्यात पाइप नळाजवळ फुटला. तो तिथेच फुटतो, कारण ताणलेली रबरी नळी कनेक्टरच्या कडेवर घासत असते. पाणी दिल्यावर गन बंद केली आणि नळ मात्र चालूच राहिला, तर रबर तासन् तास ताणावर राहतं. दुपारचं ऊन त्यावर पडलं की संपलंच. 'पितळी' कनेक्टरला किल्लीने ओरखडा काढला तर आत पिवळं नव्हे, करडं निघालं: जस्ताचा मिश्रधातू, वरून मुलामा. लोहचुंबक लावून पितळ ओळखायला जाऊ नका. चुंबक पितळालाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. ओरखडाच काढावा लागतो, तोही आतल्या बाजूला.

खरा फटका पुढे बसला. खोक्यावरचा नंबर कोणी उचलेना, म्हणून काकांनी पाइपावरचं नाव इंटरनेटवर शोधलं आणि समोर आलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन लावला. पलीकडचा अतिशय अदबीने बोलला. "काका, रिफंड पाठवतो, फक्त रिक्वेस्ट स्वीकारा आणि पिन टाका." ४,९९९ रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. असं झालं तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा आणि मग बँकेला कळवायचं. उशीर झाला की पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातो. आपल्या मोबाइलची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं कुठलं अ‍ॅप उतरवायला सांगितलं तर फोन तिथेच ठेवायचा.

पाइपाच्या पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता कुठलाही असो. नेरूळ-वाशीवाल्यांचा जिल्हा ठाणे, खारघर-पनवेलचा रायगड. यात गल्लत करून लोक चुकीच्या ठिकाणी खेटे घालतात. पण कागदावर विक्रेत्याचं नावच नसेल तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? काकांचं घोडं इथेच अडलं. म्हणून पैसे देण्याआधी खोकं उलटून बघा. बंद खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा संपर्क, आणि माल परदेशी असेल तर देशाचं नाव छापलेलं असावं लागतं. लांबी मीटरमध्ये हवी. नुसतं '१०० फूट' मोठ्या अक्षरांत आणि मीटरचा पत्ता नाही, तर तो माल आहे तिथेच ठेवा.

आता हलका पाइप कशाला म्हणायचं, तर पाणी भरल्यावर जो उचलता येतो त्याला. दुकानात रिकामा पाइप उचलून बघणं हे रिकामा सिलिंडर उचलून बघण्यासारखं आहे. अर्धा इंची, म्हणजे आतून साडेबारा मिलीमीटरच्या पाइपात १५ मीटरला साधारण १.८ किलो पाणी मावतं. पाऊण इंचीत सव्वाचार किलो. इंचीत सात किलोच्या वर. जाळीचा पीव्हीसी पाइप स्वतः अर्धा इंचीत सुमारे दोन किलो, पाऊण इंचीत चार किलो भरतो. म्हणजे १५ मीटरचा भरलेला पाइप एकीकडे चार किलोच्या आत आणि दुसरीकडे आठ किलोच्या वर. दुकानदार पाऊण इंचीच गळ्यात मारतो, 'पाणी जास्त येतं' म्हणून. कुंड्यांना जास्त पाणी लागतंच कुठे? टाकी पाच मीटर वर असेल तर अर्धा इंची पाइपातून गनशिवाय मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज येतं, दोन मिनिटांत बादली भरते.

मापात आणखी एक खोट असते. अर्धा इंच म्हणून जो देतात तो कधी बाहेरून मोजलेला असतो, आतून जेमतेम दहा मिलीमीटर. स्केल पाइपाच्या तोंडावर धरून आतलं माप बघा. लांबीसाठी गुंडाळी उलगडायची गरज नाही. गुंडाळीच्या मधल्या वेढ्याचा व्यास मोजा. तो ४८ सेंटीमीटर असेल तर एक वेढा दीड मीटरचा, दहा वेढ्यांचे १५ मीटर. वेढे मोजायला लागलात की दुकानदार आपणहून सांगतो, "साहेब, थोडा कमी-जास्त असतो." मग वास घ्या. भंगार प्लास्टिकच्या पाइपाला जळका, उग्र वास येतो. तो उन्हात वर्षभरात कडक होऊन तडकतो. शेवटी पाइप जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात वाकवून बघा. तिथे मुरड पडून तोंड मिटत असेल तर घरी प्रत्येक कोपऱ्यावर पाणी अडेल, आणि दर वेळी कोणाला तरी वाकून ती मुरड सोडवावी लागेल. ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी हलकेपणापेक्षा ही गोष्ट मोठी.

किती लांब घ्यायचा ते सुतळीने ठरवा. नळापासून शेवटच्या कुंडीपर्यंत, कोपऱ्यांवरून वळवत, सुतळी धरा आणि वर दीड मीटर मोकळा ठेवा. उत्तर १५ मीटरच्या पुढे गेलं तर लांब पाइप घेऊ नका, दुसरा नळ काढून घ्या. काकांकडे शेवटी तेच केलं: मागच्या दारी भिंतीवरून सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) लाइन नेली, नळ कमरेच्या उंचीवर, पाव फेरीत उघडणारा लांब दांड्याचा. पुढे दहा मीटर, मागे सहा मीटर, दोन्ही अर्धा इंची. पाइप ओढत कोपरा वळायची वेळच येत नाही.

नळाशी जोडणीतही गंडवतात. परदेशी पाइपांना बऱ्याचदा अमेरिकी आटे असतात, इंचाला साडेअकरा. आपले पाऊण इंची आटे बीएसपीचे, म्हणजे ब्रिटिश मापाचे, इंचाला चौदा. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून लोक फिरवत बसतात. दीड-दोन फेऱ्यांत कनेक्टर अडकतो आणि थेंब थेंब गळतो. टेफ्लॉन टेपचे दहा वेढे दिले तरी थांबत नाही, उलट प्लास्टिकचे आटे कापले जातात. विचारून 'बीएसपी' घ्या. किंवा त्या भानगडीतच न पडता नळाला खाचांचं नोझल बसवा, पाइपाचं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवून मऊ करा, नोझलवर शेवटपर्यंत सरकवा आणि स्क्रूचा क्लॅम्प आवळा. तार पिळून बांधू नका. तारेची टोकं बोटं फाडतात आणि पाइपही.

चापाची गन काकूंसारख्यांच्या कामाची नाही. पाणी देऊन होईपर्यंत सगळी बोटं आवळून धरावी लागतात, आणि कमी दाबाला तिच्यातून फवारा होतच नाही, नुसती पिचकारी. पाइपाच्या टोकाला अंगठ्याने फिरणारा छोटा व्हॉल्व्ह आणि पुढे दोन-अडीच फुटांची झारीच्या तोंडाची दांडी लावली की कुंडीवर वाकावं लागत नाही. पाणी देऊन झाल्यावर आधी नळ बंद करायचा, मग टोकाचा व्हॉल्व्ह उघडून पाइप दोन मिनिटं तसाच पडू द्यायचा. बरंचसं पाणी त्यातच निघून जातं. मग कमरेच्या उंचीच्या रुंद खुंटीवर वेढे टाकायचे. पाइप गुंडाळायचं जमिनीवरचं चाक घेऊ नका. ते फिरवायला वाकावं लागतं आणि येता-जाता पाय अडकतो.

कनेक्टर लावलाच असेल तर त्यातला रबरी वॉशर सहा-आठ महिन्यांनी चपटा होतो आणि गळती सुरू होते. प्लंबर अशा वेळी अख्खा कनेक्टर बदलायला सांगतो. वॉशर काही रुपयांचा असतो. पाइप घेतानाच त्याच मापाचे चार घेऊन नळाजवळच्या खिळ्याला दोऱ्यात ओवून ठेवा.