केमो चालू असताना ज्येष्ठांसाठी ऑनलाइन व्यायाम: सहा महिन्यांनी, मुख्यतः खुर्चीबद्दल

कार्यक्रमात काय मिळतं ते बहुतेकांना ठाऊक आहे: आठवड्यातून दोन व्हिडिओ सेशन, रबरी पट्टा, ॲपमध्ये रोजची नोंद. म्हणून थेट खुर्चीवर येतो.

पहिल्याच दिवशी 30 सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजतात, हात छातीवर घडी घालून. ही चाचणी साधारण 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटर उंचीच्या, सरळ पाठीच्या, बिनहाताच्या खुर्चीवर करायची असते. उठताना हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. ॲप मात्र एवढंच सांगतं, "खुर्ची घ्या." आपल्याकडे सोप्यात असते ती प्लास्टिकची खुर्ची. वजनाला हलकी, बसकण मागे उतरती, गुळगुळीत फरशीवर उठताना मागे सरकणारी. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधांनी तळपाय बधिर झालेल्या माणसाला जमिनीचा नीट अंदाज नसतो, त्यात खुर्ची हलली तर तोल सावरायला वेळच मिळत नाही. इतक्या जपून आखलेल्या कार्यक्रमात या खुर्चीबद्दल एक ओळ नाही, याचा मला अजून राग येतो.

लाकडी चार पायांची खुर्ची घ्या, पाठ भिंतीला टेकवा, टेपने उंची मोजा. दर वेळी तीच खुर्ची हवी. बसकण दोन इंच उंच झाली तरी उठणं सोपं होतं आणि आकडा वाढतो. ॲप त्याला प्रगती म्हणतं. पायात मागे पट्टा असलेली सँडल घाला. नुसते मोजे किंवा सैल स्लिपर नकोत. शेजारी घरातलं कोणीतरी उभं असू द्या.

रबरी पट्ट्याचे वेगळे पैसे मला पटले नाहीत. उन्हात ठेवला की त्याला बारीक चिरा पडतात आणि ताणल्यावर तुटतो. अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो, सुरुवातीला तेवढं पुरतं. हातात पिक लाइन (शिरेत घातलेली औषधाची बारीक नळी) किंवा छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असेल तर त्या बाजूचा हात किती वर न्यायचा हे आधी डॉक्टरांना विचारा. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर कंबर पिळायचे आणि खाली वाकायचे प्रकार वगळायला सांगा.

केमोनंतर फिजिओचा जो साधा फोन येतो तो सुरुवातीला मला फुकटचा खर्च वाटला होता. ते मत आता बदललं आहे. ॲपला सगळे आठवडे सारखेच. पण बऱ्याच औषधांनंतर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळाला जातात, आणि तेव्हाही ॲप "आज 30 मिनिटं" म्हणत राहतं. फोनवर फिजिओ ताज्या रक्त तपासणीचे आकडे विचारते. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 50,000च्या खाली असतील तर वजनं उतरवते, 20,000च्या खाली गेल्या तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काही करू देत नाही. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटलला फोन. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे व्हिडिओ अडकतो, लाईट गेली की वायफायही जातं. साधा फोन मात्र बहुतेक वेळा लागतो.

2019च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशीत आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि दोनदा ताकदीचे व्यायाम आहेत. थकलेल्या माणसाने ते दहा-दहा मिनिटांत तोडावं. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात उतरू नका, सोप्यातच फेऱ्या मारा.

भाषेचा घोळ वेगळाच. कन्नड बोलणारी फिजिओ "बल" म्हणाली की आजीला ताकद लावायची वाटते, पण कन्नडमध्ये "बल" म्हणजे उजवंही, फिजिओला उजवा हात हवा असतो. त्यात मोबाइलवर समोरची डावी बाजू आपल्याला उजवी दिसते. "खिडकीकडचा हात, दाराकडचा हात" असं ठरवून घ्या, चूक थांबते.

पहिले तीन महिने पैसे वसूल आहेत. नंतर व्हिडिओ सेशन सोडून फक्त फोन ठेवता येतो का ते विचारा, आम्हाला तसं मिळालं. तोवर मोबाइल सहा-सात फुटांवर, कमरेच्या उंचीला, बाजूने ठेवा. खुर्चीचे पाय आणि माणसाचे पाय दोन्ही दिसले पाहिजेत. फिजिओने मागितले नाहीत तरी दाखवा.