सीव्हीटीचं ऑइल बदलून आठ महिने: साताऱ्याच्या घाटातला हिशेब

गाडी चौथ्या पिढीची होंडा सिटी, 1.5 पेट्रोल, सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गिअरबॉक्सचं ऑइल होंडाचंच, सीव्हीटीसाठीचं एचसीएफ-2. पहिला बदल 43,000 किलोमीटरला, दुसरा त्यानंतर 1,200 किलोमीटरने. मीटर आता 52,000 च्या पुढे गेलंय. वापर म्हणजे सातारा शहरातली रोजची ये-जा, आठवड्यातून एक-दोनदा यवतेश्वरचा चढ चढून कासच्या बाजूला, महिन्याला एखादी पुणे फेरी आणि अधूनमधून वाईवरून पसरणी घाटाने पाचगणी. सपाटीवर धावणाऱ्या गाडीपेक्षा या गिअरबॉक्सला ताप जास्त.

आधी निकाल. सिग्नलवरून गाडी सुटताना साधारण 20 ते 30 च्या वेगात बारीक थरथर यायची, ती पहिल्या बदलानंतर बरीच कमी झाली आणि दुसऱ्यानंतर गेली. घाटात चढावर ऐकू येणारी शीळ घातल्यासारखी गुणगुण कमी झाली, संपली नाही. मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मागून निघते, तो रबरबँडचा प्रकारही जसाच्या तसा आहे. तो सीव्हीटीचा स्वभाव, ऑइलने जात नाही. ‘ऑइल बदललं की पिकअप वाढतो’ असं कोणी सांगितलं तर त्याचं बाकीचं म्हणणंही जपूनच ऐकावं.

सीव्हीटीचं ऑइल आणि साध्या गिअरबॉक्सचं ऑइल यांचं काम एक नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सीव्हीटीत दातेरी गिअरच्या जागी दोन पुली असतात, त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा. पुलीच्या शंकूसारख्या बाजू जवळ-लांब सरकतात आणि रेशो, म्हणजे इंजिन आणि चाकांच्या वेगाचं प्रमाण, बदलतो. पट्टा आणि पुली दोन्ही धातूचे, आणि इंजिनची सगळी ताकद त्यांच्या घर्षणातूनच पुढे जाते. म्हणजे या ऑइलने झीज तर थांबवायची, पण पट्टा घसरूही द्यायचा नाही. शिवाय पुली दाबून धरणारं हायड्रॉलिक प्रेशरही तेच पोचवतं आणि उष्णताही तेच वाहून नेतं. साध्या ऑटोमॅटिकचं ऑइल, म्हणजे एटीएफ, यात ओतलं तर धातू-धातूतली पकड हवी तेवढी मिळत नाही, पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात. तिथून पुढे ऑइल कितीही बदला, उपयोग शून्य.

घाटात हे ऑइल लवकर का थकतं? चढावर रेशो खालचा, भार जास्त, वेग कमी, त्यामुळे समोरून हवाही कमी. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक होत नाही, म्हणजे थेट जोडला जात नाही, तेव्हा त्याच्या आतलं ऑइल घुसळून तापतं. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी चढावरच रांग लागते. दोन-दोन गाड्यांच्या अंतराने पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. गिअरबॉक्ससाठी यापेक्षा वाईट प्रकार शोधून सापडणार नाही. त्यातही काही जण चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. ती सवय आधी सोडावी, ऑइलचा विषय नंतर. उष्णतेने ऑइलचं ऑक्सिडेशन होतं, सतत चिरडलं गेल्यामुळे त्याचा दाटपणा उतरतो आणि पकड राखणारे घटक संपत जातात. म्हणून ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दावर माझा विश्वास नाही. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक दिलेलं असेल तर घाटातल्या माणसाने तेच आपलं धरावं. माझ्या मते इथल्या वापराला 40,000 च्या पुढे ताणू नये.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाटीवर हवी, चारही चाकं एका पातळीत. दोन खांबी लिफ्ट किंवा खड्डा असेल तर उत्तम. फक्त पुढचा जॅक लावून केलेल्या कामात लेव्हल चुकणारच. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं, उकळतं नको. मग पहिला नियम: खालचा ड्रेन प्लग उघडण्याआधी वरचा भरण्याचा प्लग उघडतो का ते पाहायचं. ऑइल काढून बसलात आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी.

होंडाच्या गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला बाहेरून षटकोनी डोकं नसतं. मध्ये चौकोनी खाच असते, 3/8 इंची रॅचेटचं टोक थेट तीत बसतं. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट 17 चा, साधा षटकोनी. एवढा ढळढळीत फरक असूनही सर्वांत महागडी चूक इथेच होते. घाईच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिनऐवजी गिअरबॉक्सचं ऑइल काढलं जातं आणि वरून इंजिनमध्ये नवीन ऑइल भरलं जातं. इंजिन गळ्यापर्यंत भरलेलं, गिअरबॉक्स रिकामा. इंजिन ऑइल बदलून आणल्यावर गाडी हलताना कुरकुरली किंवा ‘डी’मध्ये टाकूनही लगेच निघाली नाही, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं आणि गाडी उचलून न्यायची.

निघालेलं ऑइल खुणा असलेल्या भांड्यात पडू द्यावं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा 3.4 लिटरच्या आसपास निघालं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर वाटून देणारा भाग) आणि कूलरमध्ये अडकून राहतं, प्लग उघडून ते येत नाही. प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ, पेस्टसारखा थर असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. बोटांना टोचणारे कण किंवा चकचकीत काप दिसले तर मात्र आधी गिअरबॉक्स समजणाऱ्या माणसाला दाखवावं. नवं ऑइल भरून तो आजार झाकला जातो, बरा होत नाही.

प्लग परत लावताना अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर नवा, दर वेळी. तो एकदाच दबण्यासाठी केलेला असतो. जुना उलटा करून लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. आठवड्याने प्लगभोवती ओल आणि धुळीचा काळा गोळा दिसतो तो त्याचाच. आवळायचं 49 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हाताच्या अंदाजाने ‘अजून थोडं’ करता करता आटे जातात, आणि मग वीस मिनिटांच्या कामाचे दोन दिवस होतात.

भरताना लांब नळीचं नरसाळं लागतं, स्वच्छ आणि कोरडं. इंजिन ऑइलचं पुसून घेतलेलं चालत नाही. भर पावसात उघड्यावर हे काम टाळावं, कारण पाण्याचा अंश या ऑइलला आणि आतल्या क्लच प्लेट्सना सोसत नाही. जेवढं निघालं तेवढंच मोजून भरायचं. मग इंजिन सुरू, पाय ब्रेकवर, आणि पी-आर-एन-डी-एस-एल अशी दांडी प्रत्येक जागी तीन-चार सेकंद ठेवत दोनदा फिरवायची. त्यानंतर लेव्हल.

बहुतेक कामं इथेच फसतात. ऑइल तापलं की फुगतं, त्यामुळे थंड गिअरबॉक्सची लेव्हल म्हणजे लेव्हलच नव्हे. काही गाड्यांना डिपस्टिक असते, काहींना लेव्हल प्लग. लेव्हल प्लगवाल्यांत ठरलेल्या तापमानाला तो उघडायचा, बारीक धार येऊन थेंबांवर आली की बंद करायचा. जॅट्को या सीव्हीटी बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या अनेक सीव्हीटींसाठी हे तापमान 35 ते 45 अंश आहे. उन्हाळ्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू न करताच त्याच्या जवळ पोचते, म्हणून अंदाज नको. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान दिसतं, तेच वाचावं. ऑइल कमी पडलं तर पंप वळणावर आणि चढावर हवा ओढतो, गुणगुण वाढते, पट्टा घसरतो. जास्त झालं तर फिरणारे भाग ते घुसळून फेस करतात, फेस दाबला जातो, प्रेशर पडतं, आणि परिणाम तोच. ‘थोडं जास्तच टाकलंय, बरं असतं’ हे वाक्य ऐकलं की समजावं, सीव्हीटीशी ओळख नाही.

दुसरा बदल का? एका वेळी 60 टक्के ऑइल निघतं असं धरलं तर पहिल्या बदलानंतर 60 टक्के नवं, दुसऱ्यानंतर 84, तिसऱ्यानंतर 93 च्या पुढे. तिसऱ्यात हाती फार थोडं लागतं, खर्च मात्र पूर्ण. वेळेवर बदलणाऱ्याला एकच पुरतो. उशीर झालेल्याने किंवा जुनी गाडी घेतलेल्याने दोन करावेत. मशीन लावून प्रेशरने फ्लश करण्याच्या मी विरोधात आहे. साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत बसण्याची जोखीम आहे, आणि त्या मशीनमध्ये आधीच्या गाडीचं कोणतं ऑइल उरलंय ते कोण सांगणार?

ऑइलचा नंबर कंपनीप्रमाणे बदलतो आणि एकमेकांच्या जागी चालत नाही. होंडातही 2003 ते 2008 च्या जुन्या सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-2 नाही. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नसून स्टार्ट क्लच आहे, सुटतानाची थरथर हा तिचा ठरलेला आजार. निसानची एनएस-2 आणि एनएस-3 वेगळी, टोयोटाची टीसी आणि एफई वेगळी, ह्युंदाई-किआच्या आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी 1. निसानमध्ये बदलानंतर स्कॅनरने ऑइलच्या वयाची नोंद शून्य करावी लागते, हे बाहेरच्या गॅरेजमध्ये हमखास राहून जातं. जॅट्कोच्या अनेक गिअरबॉक्सना खाली पॅन असतो. तो उघडून चुंबक आणि जाळी साफ करता येते, पण त्याचे बोल्ट साधारण 8 न्यूटन-मीटरचेच, चाकाच्या नटासारखे आवळायचे नाहीत. आणि एएमटी म्हणजे सीव्हीटी नव्हे. तिच्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्रणा स्वतः टाकते. तिला हे ऑइल लागत नाही.

सांगली, मिरज भागातली जुनी सीव्हीटी घेणाऱ्यांसाठी एक वेगळी तपासणी. 2019 आणि 2021 च्या कृष्णेच्या पुरात अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ब्रीदर असतो, गाडी बुडाली की पाणी त्यातून आत जातं. सौदा ठरण्याआधी थोडं ऑइल काढून काचेच्या बाटलीत घ्या. दुधाळ किंवा चहासारखं गढूळ असेल तर आत पाणी किंवा कूलंट आहे. होंडात गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या कूलंटनेच गरम-थंड होतं, तो भाग आतून फुटला तरी रंग असाच दिसतो. अशा गाडीचा नुसता ऑइल बदलून सौदा करू नये.

काढलेलं ऑइल नाल्यात नको. गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचं पिंप असतं, त्यात द्यावं. थोडं मात्र बाटलीत भरून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवलंय. 43,000 ची बाटली काळपट तपकिरी, वास किंचित करपट. 44,200 ची बरीच उजळ, आरपार दिसणारी. पुढचा बदल 80,000 च्या आसपास, एकदाच. तोवर दर सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर गेली की त्या चौकोनी खाचेच्या प्लगभोवती बोट फिरवून पाहायचं. आठ महिन्यांनीही कोरडा आहे.