टेम्पोरल वापरून बघितलं, जावास्क्रिप्टवाल्यांनो वाचा

जावास्क्रिप्टमध्ये तारीख-वेळ सांभाळणाऱ्या डेट ऑब्जेक्टला शिव्या घातल्या नाहीत असा फ्रंटएंडवाला मला तरी अजून भेटलेला नाही. १९९५ ला ब्रेंडन आइकने दहा दिवसांत भाषा उभी केली, तारखांचा विचार करायला वेळच नव्हता म्हणून जावातली डेट जवळपास जशीच्या तशी उचलली, पुढे जावावाल्यांनी स्वतः १९९७ मध्येच त्यातल्या बऱ्याच मेथड्स डेप्रिकेट करून, म्हणजे यापुढे वापरू नका म्हणून सांगून टाकल्या आणि आपल्या गळ्यात मात्र ती तशीच राहिली. जानेवारी म्हणजे शून्य, डिसेंबर म्हणजे अकरा, पण दिवस मात्र एकपासून मोजायचे, का ते विचारू नका. आता त्याच्या जागी टेम्पोरल आलंय, तारीख-वेळेसाठी भाषेतच दिलेली नवीन सोय. २०२१ ला त्याचं प्रपोजल स्टेज तीनला, म्हणजे ब्राउझरवाल्यांनी बनवायला घ्यावं अशा टप्प्याला पोचलं आणि मग नुसती वाट बघायला लावली, फायरफॉक्सने १३९ व्हर्जनला म्हणजे मे २०२५ मध्ये दिलं, क्रोमने १४४ ला. एका पेरोलच्या सिस्टममध्ये सध्या वापरतोय, तर कसं वाटलं ते लिहितो.

आधी आपल्याकडचं सगळ्यात कॉमन लफडं घ्या. फॉर्ममध्ये जन्मतारीख टाकली १५ ऑगस्ट १९९०, डेट पिकर त्याचं करतो १५ तारखेची रात्री बाराची वेळ, आपल्या घड्याळाने. मग कोणीतरी टूआयएसओस्ट्रिंग मारतं, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत तिचं टेक्स्ट करतं, यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे सर्व्हरला जातं १४ ऑगस्ट संध्याकाळी साडेसहा, बॅकएंडवाला टी च्या पुढचं सगळं, म्हणजे वेळ, कापतो, झाला माणूस एक दिवसाने म्हातारा. यावरचा 'फिक्स' म्हणून एका जुन्या कोडमध्ये सरळ एक दिवस प्लस केलेला बघितलाय मी, वर कमेंट, काढू नका. भारतात चालतं की हो. न्यूयॉर्कच्या ऑफिसातल्या माणसाने तोच फॉर्म भरला की त्याची १६ ऑगस्ट होते.

टेम्पोरलमध्ये हे होतच नाही कारण जन्मतारीख ही प्लेनडेट असते, तिला वेळही नाही आणि टाइमझोनही नाही, त्यामुळे सरकायला जागाच नाही. मला सगळ्यात आवडलं ते हेच. डेटमध्ये सगळं एकाच डब्यात कोंबलेलं होतं, इथे आधी ठरवावं लागतं की बाबा तुला नक्की काय पाहिजे, नुसती तारीख, भिंतीवरच्या घड्याळातली वेळ, की जगात सगळीकडे एकच असलेला क्षण. सर्व्हरच्या लॉगसाठी इन्स्टंट, मीटिंगसाठी टाइमझोनसकट वेळ ठेवणारा झोन्डडेटटाइम. पहिले काही दिवस डोकं फिरतं, एवढे टाइप कशाला म्हणून, पण पीआर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणं, करताना फरक कळतो, टाइप बघितला की समोरच्याच्या डोक्यात काय होतं ते लगेच समजतं.

अमेरिकन क्लायंट असलेल्यांसाठी तर झोन्डडेटटाइम म्हणजे वरदान. न्यूयॉर्कची सकाळी दहाची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर मागे करतात, तो उलटला की साडेआठला. रिकरिंग मीटिंगमध्ये चोवीस तास मिळवत गेलात तर त्या रविवारी गडबड होणार, एक दिवस मिळवलात तर तिथे दहाचे दहाच राहतात, आणि टेम्पोरलला हे दोन्ही वेगळं आहे हे माहितीये. मार्चमध्ये घड्याळ पुढे करतात त्या रात्री अडीच वाजतच नाहीत तिकडे, ती वेळ दिली तर गपचूप साडेतीन करतं, नको असेल तर रिजेक्ट सांगा, एरर येते.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. प्लेनडेटला ऑब्जेक्टमधून ३० फेब्रुवारी दिली तर बाय डीफॉल्ट एरर न देता २८ करून मोकळं होतं, स्ट्रिंग म्हणून तीच तारीख दिली तर मात्र एरर. पेरोलमध्ये असला चांगुलपणा नकोय मला, सगळीकडे रिजेक्ट लिहीत बसावं लागतं. दोन तारखांची तुलना लेस दॅनने केली की टाइपएरर, कम्पेअर मेथडच वापरायची. हे मुद्दाम केलंय आणि बरोबरही आहे, पण हाताची सवय जात नाही. आणि सगळ्यात मोठा वैताग म्हणजे कस्टम फॉरमॅट नाहीच. एक्सेलमधून १५/०८/१९९० असं आलं तर तुमचं तुम्ही फोडा. मोमेंट या जुन्या लायब्ररीत हे एका ओळीत व्हायचं, पण मोमेंटच्या टीमने स्वतःच २०२० मध्ये सांगितलंय की नवीन प्रोजेक्टला घेऊ नका, शिवाय त्यात ॲड केलं की मूळची तारीखच बदलायची, तो त्रास इथे नाही, इथे प्रत्येक वेळी नवीन ऑब्जेक्ट मिळतो.

दाखवायला टूलोकेलस्ट्रिंग आहे, एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की महिना मराठीत आणि आकडे देवनागरीत, मस्त दिसतं. पण पगाराच्या स्लिपवर नुसता महिना-वर्ष पाहिजे म्हणून प्लेनइयरमंथवर तेच मारलं तर कॅलेंडर जुळत नाही म्हणून रेंजएरर. अरे बाबा, ऑगस्ट २०२५ लिहायचंय फक्त. शेवटी त्याला एक तारीख जोडून प्लेनडेट केली आणि मग छापली.

कॅलेंडरवरून आठवलं, यात इंडियन नावाचं कॅलेंडर पण आहे. पंचांग ॲप बनवणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये, ते १९५७ चं सरकारी शक कॅलेंडर आहे, त्यात १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप इयरला २१. पाडवा त्यात शोधलात तर घरून ओरडा खाल. कुंडलीवाल्यांना अजून एक गोष्ट, टाइमझोनचा डेटा संपूर्ण भारताला एकच धरतो, १९०६ पासून यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षं साडेसहा. मुंबईत पुढेही कित्येक वर्षं चाललेला चार तास एक्कावन्न मिनिटांचा बॉम्बे टाइम त्यात नाहीच. हा टेम्पोरलचा दोष नाही, पण माहिती असलेलं बरं. आणि क्रोमला टाइमझोन विचारला तर तो अजून एशिया/कलकत्ता सांगतो, तुमच्या डेटाबेसमध्ये असतं एशिया/कोलकाता, स्ट्रिंग तुलना केलीत की फसलात. झोन्डडेटटाइमचं इक्वल्स मात्र दोन्ही एकच धरतं.

सफारीचं स्टेबल व्हर्जन हे लिहितोय तोवर तरी मागेच आहे, म्हणजे आयफोनवाल्या युजरसाठी पॉलिफिल, म्हणजे ब्राउझरात नसलेली सोय भरून काढणारा जादा कोड, टाकावंच लागतं आणि बंडलचं, म्हणजे साइटबरोबर डाउनलोड होणाऱ्या कोडचं, वजन वाढतं. इंटर्नल टूल असेल, सगळे क्रोमवर असतील तर बिनधास्त घ्या. पब्लिक साइट असेल आणि डेट-एफएनएस किंवा लक्सन या लायब्ररीवर नीट चालू असेल तर उगाच सगळं उपटू नका, नवीन मॉड्यूल आलं की तिथून सुरू करा आणि पहिल्यांदा जन्मतारखांचे कॉलम बदला. पाचपैकी चार देईन, एक कापला तो त्या ३० फेब्रुवारीसाठी.